आधी देवाला

केडगावच्या आमच्या अंगणात मी जांभळा गुलाब लावला तो आईसाठी. रंगाचं तिला काही उरलं नव्हतं, काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. पण या झाडाला झुपक्यानं फुलं येतात आणि वास असा, की फाटक उघडणारा माणूस तिथंच थबकतो. दुकानातल्या लांब दांड्यांच्या गुलाबांना हल्ली वासच नसतो, नुसता थाट.

झाड मात्र नखरेल. कलमाच्या खालून रानटी फुटवे यायचे, ते मुळापासून ओरबाडून काढायचे. पानांवर काळे ठिपके दिसले की ती पानं वेचून जाळायची. घरचे हसायचे. हसेनात का.

पहिला चांगला बहर आला तेव्हा मी उजाडताच अर्धवट उमललेले झुपके कापले, दांड्यांना ओलं फडकं गुंडाळलं आणि एसटीनं तिसगावला भावाच्या घरी गेले. आई ओसरीवर बसली होती. मी फुलं तिच्या नाकाशी नेली, तशी तिनं तोंड फिरवलं.

"देवाला वाहिली का?"

"तुझ्यासाठी आणलीत, आई."

"आदी देवाला. हुंगल्यालं फूल उष्टं हुतं, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. लहानपणी मोगरा हुंगला म्हणून तिनंच माझ्या पाठीत धपाटा घातला होता. जन्मभर या बाईनं फुलं वेचली, हार केले, आणि कधी नाक लावलं नाही. मला संताप आला, तिचा आणि तिच्या देवाचाही. वहिनीनं फुलं देवघरात नेली आणि दांडे मोडून टाकले. उदबत्तीपुढं गुलाबाचा वास कुठला टिकायला!

निघताना आई म्हणाली, "उद्या निर्माल्य झालं की घीन की वास. कुटं पळून चाललीय मी?"

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. वहिनीनं सकाळीच निर्माल्य विहिरीत सोडलं होतं. "ध्यानातच न्हाई ऱ्हायलं, वन्सं."

पुढच्या बहराच्या कळ्या उमलत होत्या, तेव्हा आई गेल्याचा भावाचा फोन आला. मी सगळं झाड ओरबाडलं, कळ्यांसकट.

तिसगावला तिच्या अंगावर फुलं ठेवताना कुणीही देवाचं नाव काढलं नाही. एक झुपका मी तिच्या नाकाशी नेला. नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातलेले होते.