चार वाजता उठवायचं होतं

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून नातीला झोळीत घातलं. ती आठ महिन्यांची. बायकोनं तिच्या डोक्याखाली मोहरीची उशी सारली, मी जुन्या लुगड्याच्या त्या झोळीचे दोन्ही काठ धरून ठेवले. सोडताना जरा झोका बसला तर बायको खेकसली, "हळू. तापीतली होडी नाही ती."

मी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून खाटेवर बसलो. पोरगी दहा मिनिटं कुरकुरली, मग तिची मूठ उघडली. मूठ उघडली की झोपली समजायचं, असं बायकोचं होतं. घड्याळात पावणेतीन झाले होते.

बायको खाली चटईवर बसली आणि बोलली, "मी पण जरा पडते. सकाळपासून छातीत जळजळतंय. चार वाजले की तिला उठवा. मलाही उठवा."

"उठवतो," मी बोललो.

"तुम्ही नाही उठवायचे. मला माहीत नाही का."

मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. कोणाशीच नाही.

आता घरातलं सांगतो, म्हणजे कळेल. आम्ही लोधीपुऱ्यात राहतो. मुलगा केळीचे ट्रक भरून देण्याच्या कामावर, त्याच्या येण्याजाण्याला टाईम नाही. सून चांदनी गावच्या शाळेत शिकवते. सकाळच्या गाडीनं जाते, अंधार पडता येते. पोरगी सहा महिन्यांची झाली आणि सुनेला कामावर जावं लागलं, तेव्हापासून दिवसभर पोरगी आम्हा म्हाताऱ्यांच्या गळ्यात.

सुनेनं एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला होता. पोरगी किती वेळ जागी ठेवायची, किती वेळ झोपवायची, सगळं त्यावर. बायकोला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलो, तर मी वाचून दाखवलं. उठल्यापासून दोन घंटे जागी, मग झोप. दिवसात तीन झोपा. तिसरी झोप चारच्या पुढे जाऊ द्यायची नाही.

बायको हसली. "दोन घंटे म्हणे. पोरगी काय कारखान्यात लागलीये? कान ओढायला लागली की समजायचं. दोन जांभयांत झोळीत. तिसरी जांभई आली की गेली ती दुपार, मग बसा नाचवत."

कागदाची ती अशी थट्टा करायची. पण शेवटची गोष्ट मात्र तिनं देवाच्या शब्दासारखी धरली, चारच्या पुढे नाही. त्याला कारण मीच होतो. एकदा ती शेजारी लग्नाच्या पापडांना गेली आणि पोरगी माझ्यावर सोडून गेली. मी साडेपाचपर्यंत झोपू दिली. मग पोरीचा डोळा अर्ध्या रात्रीपर्यंत लागला नाही आणि सून तिला घेऊन फेऱ्या मारत राहिली. सकाळी सुनेनं डबा जोरात ठेवला ओट्यावर. बायको म्हणाली, सून स्टेशनवर उभ्या उभ्या झोपेल, गाडीखाली जाईल, मग बसा डोक्याला हात लावून.

पण माझ्यानं उठवलं जात नव्हतं, ते खरं. बत्तीस वर्षं मी पावरलूमवर रातपाळी केली. सकाळी घरी यायचो तर कानात लूमच चालत राहायची, भाकरीचा घास चावला तरी ऐकू यायचा नाही. मग दिवसा झोपायचो. माझी झोप तिनं राखली. दारात बसून राहायची, गल्लीतल्या पोरांना हुसकायची. शेजारीण मिरच्या कुटायला बसली तर तिचा खल उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवायची. मी उठेपर्यंत कुकरसुद्धा लावत नव्हती, शिटी होईल म्हणून. एकदा कारखान्यातून माणूस आला, जास्तीची पाळी आहे, बोलवा. तिनं दारातूनच वाटेला लावला. "झोपले आहेत. उठले की येतील. कारखाना काय पळून चाललाय?"

असं आयुष्य गेल्यावर झोपलेल्याला उठवणं मला पापच वाटायचं. जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, तसंच ते. ती चारला पोरीच्या तळपायाला गुदगुल्या करायची, ओलं बोट डोळ्यांवरून फिरवायची, खिडकी सताड उघडायची. पोरगी तोंड वाकडं करायची. मी बोलायचो, "कसाई आहेस तू."

"आणि रात्री सुनेला कोण जागवतं? तुम्ही तर घोरत असता."

हे रोजचं. रोज ती जिंकायची.

त्या दिवशी चार वाजले. मी घड्याळ पाहिलं, विसरलो असं नाही. झोळीत डोकावलो. पोरीच्या ओठावर दुधाची साय सुकली होती. मग बायकोकडे पाहिलं. डाव्या कुशीवर, गालाखाली हात, पदर डोक्यावरून. थंडीचे दिवस, पाचला उठून तिनं पोरीला तेल लावलं होतं, शेक दिला होता, सुनेचा डबा केला होता. दुपारी ती कधी पडत नव्हती. माझ्या मनात आलं, तिनं इतकी वर्षं माझी झोप राखली, आज मी तिची राखतो. शिव्या खाऊ. मी अंगठ्याची दोरी सोडली, झोळीची कडी करकरायला नको. खिडकी लोटून घेतली.

साडेचारला शेजारची विरजण मागायला आली. "काकू कुठे?"

मी तोंडावर बोट ठेवलं. "झोपलीये. आज कोणाला उठवायचं नाही."

तिनं आत वाकून पाहिलं. "अग बाई. दिवसाची झोपलेली पहिल्यांदा पाहतेय. काका, काय खाऊ घातलं?"

ती तोंडाला पदर लावून हसत गेली. मीही हसलो. मला त्या घडीला फार बरं वाटत होतं. हे मी लपवत नाही.

साडेपाचला पोरगी आपली आपण उठली. मी काढली, ओली होती. "उठ गं," मी बोललो, "हिला दूध दे. उशीर झाला, मला माहीत आहे, आता बोलून घे."

ती उठली नाही. मला वाटलं रागावली. रागावली की ती अशीच गप पडायची. मी पोरीला तिच्या पाठीशी बसवलं. पोरीनं आजीचा अंबाडा धरून ओढला. त्यावरही ती हलली नाही. मी पायाला हात लावला. पाय गार होते. थंडी होती, तर मी आधी गोधडी ओढून पायांवर घातली. नीट खोचलीसुद्धा. मग समजलं.

शेजारचा मुलगा जाऊन डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं पाहिलं आणि बोलला, "झोपेतच गेल्या, काका."

"किती वाजता?"

"तसं नेमकं सांगता येत नाही."

"चारला उठवली असती तर?"

त्यानं नळी पिशवीत घातली. "असं डोक्यात घेऊ नका."

हे काही उत्तर झालं नाही. पण दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

सून आली तेव्हा गल्ली दारात होती. ती रडली, माझ्या मुलापेक्षा जास्त रडली. मग पोरगी कडेवर घेतली तर पोरगी टक्क जागी, हातवारे करतेय. सुनेनं सवयीनं विचारलं, "बाबा, ही कधी उठली?"

"साडेपाचला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शेजारीण सगळ्यांना सांगत होती की मी साडेचारला आले, काका बोलले झोपलीये, किती पुण्यवान, काही त्रास नाही. बाया माना हलवत होत्या. बायकोनं मला चारला उठवायला सांगितलं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. मुलगा दोनदा माझ्याजवळ येऊन बसला, तरी माझ्या तोंडातून निघालं नाही.

ऊन गेलं होतं, म्हणून नेणं सकाळवर गेलं. पोरगी पहाटेपर्यंत जागी होती. त्या रात्रीचं एवढंच लिहितो.

सकाळी पुढच्या खोलीत तिरडी बांधून झाली. मुलाच्या हातात मडकं दिलं. तेवढ्यात बायकोची मोठी बहीण, सिंधीपुऱ्याची, बोलली, "लेकरू कुठे? त्याला जागं करा. घरातून प्रेत निघताना कोणी निजलेलं नको." आमच्यात ही रीत आहे. त्या वेळी घरात कोणी झोपून राहत नाही, आजारी माणसालाही उठवून बसवतात.

सून मधल्या खोलीत गेली. झोळीत हात घातला आणि काढून घेतला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा. राहू द्या ना, मावशी."

"रीत आहे, बाई."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं मी काय बोलणार. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. दारात माणसं उभी होती, मडक्यातून धूर निघत होता.

मी बोललो, "सर बाजूला."

पोरीला काखांतून धरून उचललं. ती माझ्या खांद्यावर लोळागोळा पडली, झोपेतच. मी हलवलं, उठली नाही. मग मी तिला समोर धरली आणि हाक मारली. लूमवर पलीकडच्या माणसाला मारायचो तेवढी मोठी. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मग जी रडायला लागली ती श्वास धरून.

"तिनं मला चारला उठवायला सांगितलं होतं," मी सुनेला बोललो. "तिलाही आणि हिलाही. छातीत जळजळतंय बोलली होती. मी नाही उठवलं."

मागून कोणीतरी ऐकलं असेल, मुलानंही ऐकलं असेल. सुनेनं पोरीची टोपी कानांवर ओढली.

मी रडती पोरगी तिच्या हातात दिली, पुढच्या खोलीत गेलो आणि खाली वाकून तिरडीला खांदा लावला.