कुमारिकेच्या पोटऱ्या

नवरात्रात अष्टमीला आमच्या वलवण गावात घरोघरी कुमारिका जेवायला घालतात. लहान मुलींना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पाया पडायचं. मी सून होऊन आले तेव्हा तर माझा थाट बघण्यासारखा होता. देवीनं मलाच खास निरोप धाडलाय अशा तोऱ्यात पाय धुवायची. जी पोर गप्प बसेल तिला म्हणायची, "किती गं गुणी!" जी चुळबुळ करेल तिला हळूच चिमटा. अशी माझी भक्ती.

गेल्या अष्टमीला पाटावर आठेक वर्षांची एक पोर बसली. आई वारल्यावर मामाकडे आलेली. मामा-मामी धरणाजवळच्या एका बंगल्याची देखभाल करतात, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांचं जेवणखाण बघतात. मी तांब्या कलता केला आणि तिनं पाय आखडले. परकर वर सरकला. दोन्ही पोटऱ्यांवर मागच्या बाजूला चटके. काही जुने, पांढरे पडलेले. एक अजून ओला.

"काय गं झालं?"

"सैपाक करताना पोळलं."

पाठ केल्यासारखं बोलली. स्वयंपाकात बोटं पोळतात, मनगट पोळतं. चूल काय मागून येऊन पोटऱ्यांना चिकटते?

माझ्याआधी ती शेजारच्या घरांत पाय धुवून घेऊन आली होती. शेजारीण माझ्याकडे वाढायला आलेली. तिला आत ओढलं. "तू पाय धुतलेस ना हिचे? दिसलं नाही?"

"दिसलं की. पण आजी, आईबिगर पोर हाय. वळण लावाया लागतं. दुसऱ्याच्या घरात आपुन कशाला नाक खुपसायचं?"

म्हणजे दिसलं होतं! दिसल्यावर त्याच पायांवर कुंकू लावलं, डोकं टेकवलं, हातात रुमाल दिला आणि पोरीला वाटेला लावलं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की हातातली पळी तिच्याच टाळक्यात घालावीशी वाटली.

पोर जेवायला बसली, तेवढ्यात दारात मामी. "मावशी, पोरीला लावून द्या. पाव्हनं आल्यात, भांडी तुंबल्यात."

पोर ताडकन उठली. तोंडातला घाससुद्धा गिळला नाही. ते उठणं बघून मी ठरवलं, आज ही त्या घरी जाणार नाही.

"कुमारिका आरती होईतो उंबरा ओलांडत न्हाई आमच्यात," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"माझ्या सासूच्या सासूपासनं. मोडलं तर देवी कोपती. बघ बाई, तुझं तू."

असली रीत आमच्या घरात कधीच नव्हती. पण खोटं बोलताना माझा चेहरा फार सोवळा दिसतो. मामी पुटपुटत गेली.

माझ्या सांगण्यावरून नातीनं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. मी पोरीला खोदून काही विचारलं नाही. वाढत राहिले आणि एवढंच म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही बाळा." तेव्हा कुठं तिनं तोंडातला घास गिळला.

आरतीच्या वेळेला हेल्पलाइनची बाई आणि महिला पोलीस आल्या. मागोमाग मामा. सगळी आळी दारात.

"म्हातारे, आमच्या घरातलं चव्हाट्यावर आनलंस!"

"व्हय, आनलं. आता काय माझ्या पोटऱ्या भाजतोस?"

महिला पोलीस पुढे झाल्या तसा तो दोन पावलं मागं सरला. आठ वर्षांच्या पोरीपुढे चालणारी मर्दुमकी पोलिसांपुढे कुठं गेली कोण जाणे.

गाडीत बसताना पोरीनं माझा पदर धरला. "मी सांगितलं म्हनून मामी मारंल."

"तू कुठं सांगितलंस? मी सांगितलं. माझं नाव सांग सगळ्यांना."

सध्या ती बालगृहात आहे. तिकोणा पेठेतली तिची आत्या तिला न्यायला तयार आहे. बालकल्याण समितीची माणसं आत्याचं घर बघून आली. निकाल व्हायचाय.

दुसऱ्या दिवशी शेजारीण नळावर भेटली. "आजी, घर मोडलंत त्यांचं."

"मोडलं," मी म्हणाले. "आणि तुझ्या घरात एखाद्या लेकराच्या अंगावर असं काही दिसलं, तर तुझंबी मोडीन."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. तिची पोरं माझ्याकडे खेळायला येतात तेव्हा मात्र मी त्यांचे हातपाय नीट बघते, तिच्या देखत.