येळवसची पहिली पंगत

लग्न होऊन सास्तूरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठले. माहेरी तुळजापूरला आईनं बजावून पाठवलं होतं, "सासूच्या आधी चुलीपाशी जा, शिवकन्या." डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथंच थांबले. चुलीपुढं माझे सासरे बसले होते. मांडी घातलेली, गळ्यात लिंगाची पेटी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. समोरच्या काठवटीत ज्वारीची भाकरी त्यांच्या हाताखाली गरगर फिरत होती. बघता बघता ती ताटाएवढी झाली. त्यांनी ती अलगद उचलली, तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"ये पोरी," ते मागं न बघताच म्हणाले. "भूक लागली आसंल. बस."

मी बसले. सासऱ्यांच्या हातची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. मला घास गिळवेना. लाज वाटत होती, आणि डोळे मात्र त्यांच्या हातांवरून हलत नव्हते.

माझ्या सासऱ्यांचं नाव महांतप्पा. पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन बैल, शिक्षण सातवीपर्यंत. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्या पहाटे माझ्या सासूबाई, रुद्रम्मा, भिंतीच्या दगडांखाली सापडल्या. मामंजींनी त्यांना हातांनी उकरून काढलं. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखाली चेचला होता. पुढं जखम भरली, तरी मूठ कधीच वळली नाही. तेव्हा माझे मालक, नंदीश, चार वर्षांचे होते.

सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. पहिले काही दिवस बाहेरून आलेल्या लोकांनी जेवू घातलं. पुढं शेजारच्या हरणाबाईंनी दोन महिने स्वतःच्या भाकरीबरोबर या तिघांच्याही थापल्या. एक दिवस मामंजी त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "काकू, मला शिकवा."

हरणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पीठ पुढं सरकवलं.

पंधरा दिवस भाकरी तुटत होती. तुटलेले तुकडे मामंजी स्वतः खायचे. पारावरची माणसं त्यांना "महांताबाई" म्हणायला लागली. त्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा, वीरप्पांचा. "आमच्या घराण्यात बाप्यानं कधी तांब्या भरून घेतला न्हाय," ते चारचौघांत म्हणायचे. मामंजी ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन चूल पेटवायचे.

सासूबाईंना मी एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटायचं ओ?"

"पैले सहा महिने म्या रडायचे," त्या म्हणाल्या. "चूल गेली म्हंजी माझं राज्यच गेलं, आसं वाटायचं. त्यास्नी मुद्दाम चुकीचं सांगायचे. मीठ जास्त घाला म्हणायचे. ते घालायचे, आन् तसंच गुमान खायचे. एक दिवस मलाच लाज वाटली. मंग नीट शिकवलं. शेंगदाण्याची चटणी, आमटी, पुरण, समदं बसल्या जागी तोंडानं शिकवलंय म्या."

अशी वर्षं गेली. दोन्ही भावांची घरं एकाच गल्लीत होती, पण जाणं-येणं लग्नकार्यापुरतंच. मग तीन वर्षांपूर्वीची येळवस आली.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी सारा गाव रानात जेवतो. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, शिवारभर आंबील शिंपडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील, खीर, तीळ लावलेल्या भाकरी. बोलावणी पुरुषांनी द्यायची आणि बायकांनी आदल्या रात्रीपासून रांधायचं. जेवायला आधी पुरुष, मग मुलं. बायका सगळ्यात शेवटी, भांड्यात जे राहील त्यावर.

वीरप्पांनी त्या वर्षी लोहाऱ्याच्या ओळखीच्या मंडळींसह साठ माणसं बोलावली होती. घरात विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांची सून अर्पिता बाळंतपणाला माहेरी गेलेली. सगळा भार एकट्या उमादेवींवर, म्हणजे माझ्या थोरल्या सासूबाईंवर. आंबिलीचं मडकं त्यांनी आदल्या दिवशीच लावून ठेवलं, शेंगा सोलल्या, दळण आणलं. आणि संध्याकाळी पाण्याची घागर उचलताना कमरेत अशी उसण भरली की त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

सकाळी उजाडताना वीरप्पा आमच्या दारात उभे. डोक्याला पटका नव्हता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"महांता," ते म्हणाले, "साठ मानसं येनार हायत. तुझ्या सुनंला पाठव."

मामंजी बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी हात झाडले. "तिला नोकरीतनं आठ दिसांत एक सुट्टी भेटती. ती जेवायला येईल. भाकरी म्या करतो, आण्णा."

वीरप्पा पायरीवर टेकले.

"पर दोन गोष्टी," मामंजी म्हणाले. "तुम्ही माझ्यासंगं बसायचं. आन् पैली पंगत बायकांची."

"पाव्हणे काय ताटकळत बसतील व्हय?"

"बसतील. भूक लागली म्हंजी चव कळती."

वीरप्पा पायरीवरून उठले. मग म्हणाले, "चल."

त्यानंतर रानात मी जे पाहिलं, ते आजही कुणाला सांगताना माझाच विश्वास बसत नाही. बांधावर तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. एकीवर भज्जीचं पातेलं चढलं. त्यात ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, पावटा, चुका, मेथी, असं सगळं शिवार शिजत होतं. ते ढवळायला नंदीश. दुसऱ्या चुलीवर मोठा तवा, आणि पुढं मामंजी. साठ वर्षांचा माणूस सकाळी सातला बसला तो दुपारपर्यंत उठला नाही. भाकरीमागून भाकरी. सगळ्या एकसारख्या, कडा कुठंही फाटलेली नाही. घाम कपाळावरून ओघळायचा, तो ते खांद्याला पुसायचे, आणि हातांची लय मात्र मोडायची नाही. कडब्यावर धोतर अंथरून त्यावर भाकरीची चळत उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. मी मोजायचं सोडून दिलं.

शेजारी वीरप्पा उंड्याचं पीठ मळत होते. बोटातली अंगठी काढून त्यांनी खिशात टाकली होती. पीठ कोपरापर्यंत चिकटलं होतं.

"पाणी जास्त झालं का रं?"

"थोडं पीठ घाला. मुठीत दाबून बघा. फुटतंय का?"

"फुटतंय."

"मंग आनिक मळा."

वीरप्पांनी मळलं. मग हात थांबवून पिठाकडं बघत म्हणाले, "पन्नास वर्सं पेरतोय. पर पीठ किती पानी पितं, हे मला ठाऊक न्हाय बघ."

दुपारी पाहुणे आले. चिंचेखाली सतरंज्या टाकलेल्या होत्या. वीरप्पा उभे राहिले. पिठाचे हात जोडून म्हणाले, "मंडळी, जरा दम धरा. आज बायका पैल्यांदा बसनार हायत."

कुणीतरी हसलं. लोहाऱ्याचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "वीरप्पा, तुला बी भावाचा वारा लागला का काय?" वीरप्पा पत्रावळी मांडायला लागले.

बायका बसल्या खऱ्या, पण कुणी घास उचलेना. पाहुण्यांच्या बायका, रानात कामाला येणाऱ्या बायका, मी, सासूबाई. सगळ्या मान खाली घालून पत्रावळीकडं बघत होतो. समोर गडीमाणसं उपाशी उभी असताना खायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी हरणाबाईंनी, आता नव्वदीच्या उंबऱ्यावर आलेल्या, भज्जीत भाकरी बुडवली. "खा गं बायांनो," त्या म्हणाल्या. "गरम हाय. जल्मात एकदा गरम खा."

उमादेवींना बैलगाडीतून गादीवर आणलं होतं. त्या चाकाला टेकून बसल्या होत्या. वीरप्पा हातात आंबिलीचं भांडं घेऊन त्यांच्यापुढं आले आणि अडखळले.

"तू आंबील पितीस का गं?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. उमादेवींनी वर बघितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"चाखलीया मीठ बघाया," त्या म्हणाल्या. "वाटी भरून कधी पेली न्हाय. माझ्यापत्तर उरतच न्हवती."

वीरप्पा खाली बसले, वाटी काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. उमादेवी सावकाश प्यायल्या. त्यांनी रिकामी वाटी पुढं केली, तशी वीरप्पांनी ती पुन्हा भरली.

मग पाहुण्यांची पंगत बसली. त्यांना काहीही कमी पडलं नाही. गुरुजींनी तीनदा भाकरी मागून घेतली. ऊन कलल्यावर दोघं भाऊ शेवटी जेवायला बसले, तेव्हा भज्जी संपली होती. पातेल्याला लागलेली खरवड, अर्धी अर्धी भाकरी आणि चटणी. वीरप्पा तेवढ्यावरच जेवले. पातेलं मात्र घासलं नाही. ते नंदीशनं घासलं. एका दिवसात माणूस किती बदलणार?

पण त्यानंतर आठ दिवस उमादेवी अंथरुणावर होत्या, आणि आठही दिवस वीरप्पा पहाटे आमच्या दारात आले. "महांता, जागा हायस का?" अशी हाक यायची. पहिल्या दिवशी वीरप्पांची तुटलेली भाकरी मामंजींनी तव्यावर तीनदा सांधली. चौथ्या दिवशी ती अख्खी उतरली. वेडीवाकडी होती, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला करपलेली. ती फडक्यात गुंडाळून पासष्टीचा तो माणूस गल्लीतून भरभर चालत घरी गेला. पारावर माणसं बसली होती. त्यांनी पाय आवरून वाट करून दिली.

आई गेल्यापासून हे दोघं भाऊ घरच्या एका चुलीपुढं बसले नव्हते, असं सासूबाई म्हणाल्या. मी दारात उभी राहून बघत होते. मामंजींनी भावाचा हात धरून काठवटीवर ठेवला, वर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाले, "जोर लावू नका आण्णा. ती आपली आपन फिरती."