पखवाजाच्या माईकमध्ये

मंडळी, घाईत मोबाईलवर लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

दर एकादशीला करतो तसं आज सकाळी आमच्या देऊळघाटच्या घरी भजनाचं रेकॉर्डिंग केलं. पेटी, टाळ, वीणा, पखवाज, प्रत्येकापुढे वेगळा माईक. वाजवतात सगळे एकदम, पण माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक वाद्य वेगळं राहतं. पखवाजावर माझे बाबा.

सगळे गेल्यावर मी हेडफोन लावला, बाकीची वाद्यं बंद केली आणि नुसता पखवाज ऐकला. थापांच्या मधे बाबांचा श्वास घरघरत होता. मग कण्हल्यासारखा आवाज आला. त्यानंतर डाव्या हाताची थाप मंदच होत गेली. समोर बसून आम्हाला टाळांच्या गजरात काहीच कळलं नव्हतं.

तशीच पळत ओट्यावर गेले. "बाबा, छातीत दुखत होतं काय?"

"काही नाही वं, गॅस झाला असंन."

"मंग थांबले काऊन नाही?"

"अभंग अर्धा टाकून पखवाज खाली ठेवत असतेत काय?"

शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" बाबा म्हणाले, "आजच." म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

आता ते आत आहेत, मी बाहेर बाकावर.

मागच्या सगळ्या एकादश्यांची भजनं घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. पखवाज दर वेळी वेगळा साठवलेला आहे. डॉक्टरांना खरं उत्तर द्यायचं तर ती ऐकावी लागतील. मला भीती वाटतेय. तुम्ही ऐकली असती?