चोवीस लिटर हवा

खिळ्याच्या डोक्याखाली एक थेंब जमतो आहे. आधी नुसती ओल दिसते, मग तिला पोट येतं, पोटात मधाचा रंग उतरतो आणि थेंब सुटतो. दोन थेंबांमध्ये बावन्न सेकंद. मागच्या शनिवारी एकसष्ट होते. म्हणजे भोक सैल होत चाललं आहे.

मी स्टुलावर बसून मोजते आहे. दुपारचे अडीच. वर दिंडोरी रस्त्यावर मे महिन्याचं ऊन आहे, खाली बिअरच्या कारखान्याच्या या तळघरात गार आहे. पाठ भिंतीला टेकलेली. तेविसाव्या थेंबापर्यंत मोजणी बरोबर येते. मग चोवीस, पंचवीस, पुन्हा चोवीस.

समोर दोन लाकडी पिंपं आडवी ठेवली आहेत. उजवीकडची बिअर आहेरभाऊंनी बनवली आहे, ते इथलं सगळं बघतात. डावीकडची मकरंदची; खिळा त्याच पिंपात ठोकलेला आहे. मकरंद माझा धाकटा भाऊ. बिअर बनवणं हेच त्याचं काम होतं. बेल्जियमला तीन महिने राहून तो तिथल्या फ्लेमिश लोकांची पद्धत शिकून आला होता: तांबूस, आंबट बिअर, वाईनच्या जुन्या पिंपात दोन वर्षं मुरवायची. हे पिंप त्याने भरलं आणि दुखणं निघालं. तो जाऊन चौदा महिने झाले.

"मोजतेस काय? चाख की."

तो त्याच्या पिंपावर बसला आहे. पायात गमबूट. केस परत आले आहेत, तेवढं माझ्या लक्षात येतं.

"कधी आलास?"

"शनिवार आहे ना? मग."

शनिवार आमचा ठरलेला होता. आजारपणात त्याला इथे येता येईना, तेव्हा मी यायचे, एक पेला काढायचे आणि चव कशी आहे ते त्याला सांगायचे. औषधांनी त्याची जीभ नेली होती. तो गेल्यावर सांगायला कोणी उरलं नाही. शनिवार थांबले नाहीत.

"खिळा काढ," तो म्हणतो.

"पक्कड लागते. आहेरभाऊंच्या खिशात आहे."

"राहू दे त्यांच्या खिशात."

तो खाली वाकतो आणि दोन बोटांनी, केसातला आकडा काढावा तसा, खिळा ओढून घेतो. बिअरची बारीक धार पेल्यात पडते. खिळा तो माझ्या उजव्या हातात ठेवतो.

"घट्ट धर. हरवलास तर आहेरभाऊ माझी सालटं काढतील."

मी पेला उजेडासमोर धरते. उजेड मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो आहे. पिंप ओट्याखाली आहे, लोणच्याची बरणी असायची त्या जागी, आणि त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं आहे. आईचा नियम होता: बरणीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मकरंद चोरून बोट घालायचा. "आईला सांगेन" असं म्हणणारी मी.

आता तो फडक्याची गाठ बघतो आहे. सात वर्षांचा आहे आणि एकेचाळीसचाही.

"हे कोणी सोडलं होतं गं, ताई?"

"तूच सोडायचास. लहानपणी."

"मी बरणीचं विचारत नाहीये."

गाठ दुहेरी आहे, डावीकडून ओढलेली. अशी गाठ घरात मीच मारते.

"आत साय होती," तो म्हणतो. "पांढरी, सुरकुतलेली, अख्खी. तिच्यामुळे बिअरला हवा लागत नाही. म्हणून तर खिळ्याचं भोक पाडलं. पेलाभर घ्यायचं, खिळा परत ठोकायचा. वरचं बूच उघडायचं नाही. सांगितलं होतं की नाही?"

"माहीत आहे मला."

"तुला माहीत नसेल तर कोणाला? तू तर मायक्रोबायोलॉजी शिकवतेस पोरींना."

पेला हातात बारीक झाला आहे. प्रयोगशाळेतली नमुन्याची कुपी. खिडकी आहे, पण ती उघडत नाही. हॉस्पिटलचा तिसरा मजला. तो पलंगावर आहे, डोकं पुन्हा तुळतुळीत. बाकी सगळं तसंच आहे, फक्त सलाइनच्या नळीतून येतं ते पाणी नाही, मधाच्या रंगाचं आहे. त्याचे थेंब मोजायला मी सुरुवात करते.

"चव सांग," तो म्हणतो.

तेव्हाही तो असंच म्हणायचा. मी सांगायचे: आधी जांभूळ, मग मनुका, शेवटी आमसूल आणि थोडं ओलं लाकूड. तो डोळे मिटून "हं" म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, मला प्यायला मिळेल का? मी म्हणाले, दिवाळीला फोडू. तू, मी आणि आहेरभाऊ. डॉक्टरांनी मला होळीचीसुद्धा खात्री दिली नव्हती.

"सांग ना."

मी घोट घेते. "छान आहे."

"तुझं छान! माझ्या लग्नातल्या बँडलासुद्धा छान म्हणाली होतीस."

"आकडे सांगू? पीएच तीन पूर्णांक..."

"आकडे नकोत. अडचण आली की तू आकड्यांच्या मागे जाऊन बसतेस. जिभेवर काय आहे ते सांग."

मी दुसरा घोट घेते आणि तोंडात धरून ठेवते. ओठ चुरचुरतात. जांभूळ शोधते, नाही. मनुका नाही. आमसुलाच्या जागी नुसती धार आहे. नाकात नखं रंगवायच्या पॉलिशचा वास चढतो.

"जळतं," मी म्हणते. "व्हिनेगर झालंय, मकरंद."

तो रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभे आहोत. टेबलांवर एकही विद्यार्थिनी नाही आणि प्रत्येक ब्युरेटमधून थेंब पडतो आहे, सगळीकडे एकाच वेळी. तो एका चंचुपात्रावर वाकून बघतो.

"किती हवा आहे आत?"

"चोवीस लिटर." हिशोब माझा केलेला आहे. लाकडातून उडून गेली एकवीस लिटर बिअर. इतके शनिवार मी काढली, ती तीन.

"मग नव्या बिअरने वरपर्यंत का भरलं नाहीस? आहेरभाऊंनी शेजारचं पिंप त्यासाठीच तर लावलं. बेल्जियमचे म्हातारे तेच करतात, जुन्यात नवं घालत राहतात. त्यांची पिंपं आज्यापासून चालत आलीयेत."

"ती बिअर तू बनवलेली नव्हती."

"आणि हवा मी बनवलेली होती?"

थेंब पडत राहतात.

"बूच कशाला उघडायचीस, ते तरी सांग."

"तुझा वास यायचा."

"वेडी आहेस का? वास बिअरचा. माझ्या शर्टांना तो लागायचा." तो पहिल्यांदाच हसतो. मग विचारतो, "आता येतो?"

"नाही."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"आणि तरी उघडत राहिलीस."

"हो."

पेल्याच्या काठावर एक चिलट बसलं आहे. ते काठावरून अर्धी फेरी मारतं, उडतं आणि उजवीकडच्या पिंपाच्या बुचावर जाऊन बसतं. आम्ही पुन्हा तळघरात आहोत, की गेलोच नव्हतो. व्हिनेगर करणारे जंतू चिलटाच्या पायांवरून पसरतात. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना मी हे फळ्यावर आकृती काढून सांगते.

"ते आहेरभाऊंचं," मकरंद म्हणतो.

"बूच घट्ट आहे त्याचं."

"चिलटाला किती जागा लागते? तूच सांग."

मी फुंकर मारते. चिलट तिथेच राहतं.

"आहेरभाऊ काही बोलत नाहीत?"

"दर शनिवारी विचारतात. मॅडम, याचं काय करायचं? मी म्हणते, पुढच्या शनिवारी बघू."

"त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लावलेली बिअर आहे ती. मी पलंगावरून फोनवर सांगत होतो आणि ते मला सर म्हणत होते. वयाने वीस वर्षांनी मोठा माणूस."

"मग तूच सांग काय करू ते. तुझं पिंप आहे."

"मी काय सांगणार? मला चव लागत नाही, ताई."

तो माझ्या हातातून पेला घेतो आणि सगळा पितो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते. आंबट प्यायल्यावर माणसाचा एक डोळा आपोआप बारीक होतो. लहानपणी चिंच खाताना त्याचा डावा व्हायचा. आता होत नाही. पेला रिकामा होतो आणि चेहरा होता तसाच राहतो.

"दिवाळीला फोडू म्हणालीस," तो म्हणतो. "तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तो मान हलवतो. बादलीतलं पाणी कितपत गरम आहे हे बोट घालून बघितल्यावर हलवावी, तेवढीच. मला वाटतं, तो आता काहीतरी म्हणेल. मी थांबते. तो गमबुटावरचा डाग अंगठ्याने पुसतो, आणि पुसत असतानाच तो तिथे नसतो, नुसतं पिंप असतं, आणि कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखा आवाज.

"मॅडम! अहो मॅडम, उठा!"

आहेरभाऊ गुडघ्यांवर बसले आहेत. त्यांनी डाव्या हाताचं बोट पिंपाच्या भोकात दाबून धरलं आहे, मनगटापासून कोपरापर्यंत तांबूस ओघळ. फरशीवरचं थारोळं माझ्या चपलांपर्यंत आलं आहे. व्हिनेगरचा वास इतका आहे की डोळ्यांत पाणी येतं.

"खिळा कुठंय? खिळा कोणी काढला?"

"पक्कड?" मी विचारते.

"ही काय, माझ्या खिशात." ते मोकळ्या हाताने खिसा थोपटतात. "सकाळपासून इथंच आहे. खिळा बघा आधी, स्टुलाखाली गेला असंल."

माझी उजवी मूठ मिटलेली आहे. उघडायला वेळ लागतो, बोटं आखडली आहेत. खिळा तळहातावर आहे, ओला. त्याच्या डोक्याचा गोल वळ मांसात उमटला आहे.

आहेरभाऊ खिळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे. हात पुढे करतात.

"द्या इकडं. ठोकून टाकतो. अजून बरीच आहे आत. पुढच्या शनिवारी बघू म्हणं."

त्यांच्या खांद्यामागे उजवीकडचं पिंप आहे. त्याच्या बुचावर दोन चिलटं बसली आहेत. मी मोजते. दोनच.

मी मूठ पुन्हा मिटते.

"बोट काढा, आहेरभाऊ."

"सगळी जाईल, मॅडम."

"जाऊ दे. मकरंदची बिअर संपली. खराब झाली, आणि ती मी केली. आजच सगळी ओतून टाकायची आहे."