मुरमाची वाट

त्या दुपारी चौघी होतो. माही सासू. माही धाकली जाऊ, सुशीला. शेजारची गंगूबाई, आपल्या दारात गहू निवडत. अन् मी. पुरुष वावरात गेलते. त्या चौघींतली आता मीच राह्यली, म्हणून सांगून राह्यली. आजवर कोणालेच सांगतलं नाई — नवऱ्याले नाई, पोरीलेबी नाई.

आमचं घर रोहण्याले. तवा आपला जिल्हा मध्यप्रदेशातच होता. सासूचे डोये गेलते. उजेड-अंधार, तेवढं समजे.

डोये होते तवा ती माह्या सारवणाचं नाव काढे. "थोरलीच्या सारवणावर भाकर ठेवून खावी," म्हणे. दुसरं माह्याजवळ होतं काय? रूप नाई, शाळा नाई, पोटी पोरगा नाई. सारवण होतं. अन् तेच तिले दिसणं बंद झालं.

सुशीला हिंगणघाटची. लगन होऊन दोन सालंबी झाले नव्हते. बुढी दोनदा पडता पडता वाचली, तवा हिनं मुरूम आणला अन् बुढी निजे त्या बाजीपासून ओसरीच्या पायरीपर्यंत ओल्या सारवणात दाबून पट्टा केला. दोन पाय मावतीन एवढा. तळपायाले मुरूम टोचला, का वाट बरोबर. गुळगुळीत लागलं, का चुकली. झालं! बुढी कोणाचा हात न धरता मोरीवर जाऊ लागली.

गंगूबाई मले ऐकवून म्हणे, "धाकलीनं बुढीच्या पायाले डोये लावले! तू आठ सालं काय करत होती वो?" अन् हासे. मीबी हासली. आतून जळली. असं जळणं असते ना — त्याचा धूर निंघत नाई. भाकर थापता थापता, पाणी भरता भरता, आपलं चालूच.

अखजीचा, म्हंजे अक्षयतृतीयेचा, आदला दिवस होता. पितरांच्या जेवणासाठी घर सारवा लागे. सुशीला विहिरीवर गेलती. बुढी बाजीवर निजली होती. मी सारवत सारवत पट्ट्याजवळ आली. दर खेपेले त्याच्या बाजूनंच सारवत होती. त्या दिवशी मी खुरपं घेतलं. मुरूम खरडला, टोपलं भरून उकिरड्यावर टाकला, अन् त्या जाग्यावर असं सारवलं — जन्मात तसं सारवलं नाई.

बुढी पडावी, असं मनात होतं का? नाई. धाकलीचा पट्टा दिसू नये, एवढंच होतं. पण थांबा — खरी गोष्ट अजून सांगतलीच नाई मी.

बुढी उठली. पाय खाली टेकवला. अंगठ्यानं चाचपलं — इकडं, तिकडं. मी पाच हातांवर उभी, हात शेणाचे.

"धाकले, वाट कुठं गेली वो?"

धाकले.

मी ओ देल्ली नाई. मनात म्हणली, जिले हाक मारली तिनं यावं. बुढीनं अजून एकदा हाक मारली. मंग आपलीच निंघाली. एक पाय. दोन. तीन. ओसरीच्या काठावरून खाली, अंगणात.

खुब्याचं हाड मोडलं. गंगूबाई धावत आली. सुशीला घागर टाकून आली. संध्याकाळी दीर बायकोवर वरडला, "वाट तूनं केली, मंग पाहाले नोको का?" तवा मीच म्हणली, "मुरूम उखडला होता, म्हणून काढला. हिले सांगतलं होतं मी, बुढीले एकटं सोडू नोको म्हणून." सुशीलानं माह्याकडं पाह्यलं. मोठ्या जावेले खोटं कोण म्हणन? अन् दीड साल बुढीचं सारं तिनंच काढलं.

बुढी त्या बाजीवरून उठली नाई. शेवटी शेवटी एक दिवस मी तिले पाणी पाजत होती. तिनं माहा हात धरला, तळव्यावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशीचं सारवण लय गुळगुळीत झालतं वो, थोरले."

बस. अन् पाणी पेली.

डोये गेल्यापासून याच बोलासाठी मी भुकेली होती ना? भेटला.

सुशीला मागच्या साली गेली. तिलेबी सांगतलं नाई.

ऐकणाऱ्यांनो, एक करजा. घरात म्हातारं माणूस असन, तं त्याच्या पायाखालचं काई बदलवाच्या आधी त्याले सांगजा. अन् त्यानं दुसऱ्याचं नाव घेऊन हाक मारली, तरी ओ देजा.