टेलिफोनबाईंची सूचना

आमच्या मंडळीत त्यांना सगळे टेलिफोनबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्त झाल्यावर साधारण तेच काम त्या चर्चच्या मागच्या खोलीत करू लागल्या. मंडळीने सेवेचं कोणतं नवं काम हाती घ्यावं, यासाठी दर तीन महिन्यांनी शनिवारी दुपारी चार वाजता तिथे सूचनांची सभा भरे. सभा चालवायच्या टेलिफोनबाई आणि टिपणं घ्यायची मी. अकरा वर्षांत एकही सभा चारनंतर सुरू झालेली नाही; माझ्या डायऱ्या साक्षीला आहेत.

त्यांचे नियम कडक होते. सभेत ‘पण’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने शेवटी सगळ्या खुर्च्या उचलून ठेवायच्या. पाळकसाहेबांनी पहिल्याच वर्षी तीनदा उचलल्या. दुसरा नियम सुतारकाकांमुळे आला. काका सभेला दहा-दहा सूचना करत आणि पुढे महिनाभर तोंड दाखवत नसत. एकदा टेलिफोनबाई म्हणाल्या, “काका, बाकं डुगडुगतात ही तुमची सूचना ना? अभिनंदन! करवत घेऊन या.”

“अहो बाई, मी आपलं नुसतं बोललो!”

“इथं नुसतं बोलणं बंद आजपासून.”

तेव्हापासून चिठ्ठीवर सूचना लिहायची, खाली नाव घालायचं, आणि मंजूर झाली की ते काम ज्याचं त्याने करायचं. काकांच्या चिठ्ठ्या एकदम दोनवर आल्या.

तिसरा नियम त्यांनी स्वतःला घातला होता. सभा चालवणाऱ्याने सूचना करायची नाही. “ऑपरेटरने लाइन जोडायची, मध्ये बोलायचं नाही,” असं त्या म्हणत. एखादी लाजाळू सून पदराशी चाळा करत बसली असेल, तर तिच्याकडे वळून त्या हळूच म्हणत, “बोला, लाइन चालू आहे.” आणि ती बोले.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सभा आटोपल्यावर आम्ही दोघी कप विसळत होतो. त्यांच्या मनगटावर पिवळा पडलेला मोठा डाग दिसला. मी विचारलं, तेव्हा नळाकडे बघतच त्या म्हणाल्या, “गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडले. गुरुवारी सकाळी. उठता येईना. शुक्रवारी संध्याकाळी सरपटत दारापर्यंत आले, कडीला धरून उभी राहिले.”

“दीड दिवस? आणि कोणाला कळलं नाही?”

“कळणार कसं? माझी वाट बघणारं कोण आहे? रविवारी उपासनेला आले होते की. तुम्हीच म्हणालात, जरा लंगडताय.”

मी म्हणाले होते खरी. चपलेनं लागलं असेल, असं वाटलं होतं मला.

“दुखण्याचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “फरशीवर पडल्या पडल्या मी हिशोब करत होते, आपण नाही हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? रविवारच्या आधी ज्याच्या लक्षात येईल असं एकही नाव सापडेना. रोज सकाळी कोणीतरी नुसतं विचारलं, बाई, आहात ना, एवढं पुरे आहे.” मग हात पुसत म्हणाल्या, “सेक्रेटरीबाई, हे टिपणात नको. कोणाला सांगायचंही नाही.”

मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर प्रत्येक सभेत मात्र त्या शेवटी विचारत, “घरात एकट्या राहणाऱ्यांसाठी काही सुचतंय का?” लोक छताकडे बघत. कोणी सहल सुचवी, कोणी मोठ्या अक्षरांची गीतपुस्तकं. हवं ते कोणी म्हणेना, आणि नियमामुळे त्यांना म्हणता येईना.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी सभा चालवायचं सोडलं. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, असं कारण सांगितलं. शाळेतल्या तरुण ड्रॉइंग टीचरकडे काम सोपवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या सगळ्यांबरोबर गोलात येऊन बसल्या. चिठ्ठी लिहिताना त्यांनी दुसरा हात आडवा धरला होता, परीक्षेत मुली धरतात तसा.

टीचरने वाचून दाखवलं, “एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला रोज सकाळी फोन करून विचारपूस करावी. नाव... अय्या, टेलिफोनबाई!”

टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे यादी केली. अकरा नावं निघाली, चौथं माझं.

“आणि सूचना ज्याची, काम त्याचं!” सुतारकाका मांडीवर थाप मारत म्हणाले. “सापडलात बाई! माझी करवत, तुमचा फोन!”

“त्यांच्याइतकं चांगलं कोण करणार?” टीचर म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. कोणाच्याच नव्हतं.

मी म्हणाले, “पण त्या स्वतः...”

“पण! पण म्हणाल्या! खुर्च्या सेक्रेटरीबाईंच्या!” काका ओरडले आणि खोलीभर हशा पिकला. टेलिफोनबाईंनी माझ्याकडे पाहून नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. मी टिपणात लिहिलं: सूचना एकमताने मंजूर.

नंतर खुर्च्या उचलायला त्या थांबल्या. शेवटची खुर्ची ठेवून म्हणाल्या, “चला, निदान अकरा जण पडले तर कळेल.”

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मला सात वाजून बारा मिनिटांनी येई. झोप लागली का, गोळी घेतली का, दूध आलं का. दोन मिनिटं, की पुढचा नंबर. मी उलट विचारू लागले की, “माझं काय, मस्त आहे,” म्हणून त्या ठेवून देत. महिनाभर मी नुसतीच उत्तरं देत राहिले. मग एका सोमवारी साडेआठला, त्यांचे सगळे फोन संपले असतील असा अंदाज घेऊन, मी त्यांना फोन लावला.

“कोण पडलं?” त्यांनी घाबरून विचारलं.

“कोणी नाही. तुम्ही कशा आहात, म्हणून केला.”

त्या म्हणाल्या, “माझं नाव यादीत नाही.”

“माझ्या यादीत आहे.”

“बरी आहे,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मंगळवारी गुडघ्याबद्दल बोलल्या. बुधवारी शेजारच्या भाडेकरूंच्या ठोकाठोकीबद्दल. गुरुवारी मला ताप होता. सकाळच्या फोनवर माझा आवाज ऐकून त्यांनीच दटावलं, “झोपा मुकाट्याने. मला फोन करत बसू नका.” मी शब्दशः ऐकलं आणि दुपारपर्यंत झोपले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी माझा ताप विचारला. कालच्या न आलेल्या फोनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. साडेआठला मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

“एवढ्या लगेच?” मी म्हणाले.

“अहो, सहज फोनजवळून चालले होते,” त्या म्हणाल्या.